श्रीधरपंतांची बी. ए.

कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या त्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर एक रंगवलेली पाटी होती. पाटी इंग्रजीत, कारण मराठीत लावली असती तर त्या गल्लीत ती वाचणार कोण? नाव होतं श्रीधर रामचंद्र फणसळकर, आणि पुढे 'बी. ए.' ही दोन अक्षरं नावापेक्षा अंमळ मोठी. रंगाऱ्याची चूक म्हणावी, तर श्रीधरपंतांनी समोर उभं राहून ती तशी काढून घेतली होती.

श्रीधरपंतांचा जन्म कलकत्त्याचाच. वडील रत्नागिरीकडून येऊन रेल्वेच्या हिशेबखात्यात चिकटले होते. त्या माणसाने स्वतःचा चहा सोडला, दोन कोटांवर सगळे हिवाळे काढले आणि मुलाला कॉलेजात घातलं. मुलगा अर्थशास्त्र घेऊन चांगला पास झाला. मग नेताजी सुभाष रोडवरच्या डनवुडी अँड हार्पर या साहेबी कंपनीत लागला. तेव्हा त्या रस्त्याला क्लाइव्ह स्ट्रीट म्हणत. कंपनीचा धंदा समजायला सोपा होता. गंगेकाठच्या गिरण्या तागाची पोती आणि गोणपाट विणत, परदेशी माल पाठवणारे व्यापारी ते विकत घेत आणि कंपनी मध्ये उभी राहून दोघांचा सौदा जुळवून देई.

तर या कंपनीत माणसांच्या दोन जाती होत्या. एक खुर्चीवर बसून लिहिणारे आणि दुसरे बाजारात हिंडून सौदे करणारे. सकाळची डाक आटोपली की सौद्याची माणसं छत्र्या उचलून बाहेर पडत. ती गिरण्यांच्या ऑफिसांत जात, बडाबाजारातल्या गाद्यांवर लोडाला टेकून गप्पा मारत आणि दुपारी परत येऊन साहेबाच्या खोलीत चहा पीत. लिहिणाऱ्यांचा चहा पट्टेवाला टेबलावर आणून आदळत असे. श्रीधरपंत लिहिणाऱ्यांतले होते. डंडीला आणि न्यूयॉर्कला जाणारी कंपनीची सगळी इंग्रजी पत्रं त्यांच्या हातची. त्यांना मात्र लागल्या दिवसापासून बाजारात जायचं होतं. त्यांनी हार्परसाहेबाजवळ शब्द टाकला, पुन्हा टाकला, आणि दर वेळी साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "फणसळकर, इतकी सुंदर पत्रं लिहिणारा दुसरा माणूस मी कुठून आणू?" असा हात ठेवला की माणसाला नाही म्हणता येत नाही. ज्या पदवीने त्यांना आत आणलं तिनेच त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं, आणि तरी ते तिचाच अभिमान धरून बसले होते.

हेही एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण मग गुरुदत्त आला.

गुरुदत्त म्हणजे त्यांच्या पत्नीचा, शारदाबाईंचा, धाकटा भाऊ. साताऱ्याकडचा, इंटरला दोनदा नापास झालेला. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो एक वळकटी आणि मेतकुटाचा डबा घेऊन हावड्याला उतरला. "दाजी, आता तुम्हीच बघा माझं," असं म्हणून तो श्रीधरपंतांच्या पाया पडला आणि आतल्या खोलीत पसरला. श्रीधरपंतांनी बघितलं. स्वतः रदबदली करून त्याला कंपनीच्या नमुन्यांच्या खोलीत चिकटवलं. काम काय, तर गोणपाटाचे तुकडे कापायचे आणि त्यांना चिठ्ठ्या डकवायच्या. अर्जात शिक्षणाच्या जागी त्यांनी नुसतं 'इंटरपर्यंत' लिहिलं. नापास हा शब्द मेहुण्याच्या मायेपोटी गाळला. तेव्हा माया होती, हेही सांगायला हवं.

एके दिवशी कंपनीच्या दारात एक हातगाडी अडली. गाडीवाला आणि दरवान हमरीतुमरीवर आले, मागे हार्परसाहेबाची मोटार भोंगा वाजवत उभी राहिली आणि रस्त्यात तमाशा झाला. गुरुदत्त नमुन्यांच्या खोलीतून कात्री हातात तशीच घेऊन बाहेर आला. हिंदी, बंगाली आणि शुद्ध साताऱ्याची मराठी एकत्र कालवून तो असं काही बोलला की दरवान हसला, गाडीवाला हसला, आणि दोघांनी मिळून गाडी बाजूला ओढली. त्यातल्या एका वाक्याचंही व्याकरण धड नव्हतं. साहेबाने मोटारीतूनच विचारलं, "हा कोण?" दुसऱ्या दिवसापासून गुरुदत्त बाजारात. तू किती शिकलास, हे त्याला कुणी विचारलंही नाही.

श्रीधरपंतांनी घरी येऊन बातमी सांगितली तेव्हा शारदाबाईंनी शिरा केला. शिरा उत्तम झाला होता. श्रीधरपंतांना तो बाधला.

आता सरळच सांगून टाकावं, श्रीधरपंत मेहुण्यावर जळत होते. थोडे नाही, चांगले जळत होते. गुरुदत्त संध्याकाळी जिना चढायचा तो दोन दोन पायऱ्या गाळत, आणि त्याचा आवाज आधी वर यायचा. मग पानावर बसल्यावर बाजाराच्या गोष्टी. अमक्या शेटजीने भाव सांगताना कान कसा खाजवला, बजबज गावच्या गिरणीच्या इथल्या ऑफिसातला सरकार आडनावाचा बाबू नाही म्हणायच्या आधी पान कसं तोंडात टाकतो. शारदाबाई हसून हसून पदर डोळ्यांना लावायच्या. लेक सुहासिनी तर मामाच्या मांडीवरून हलायची नाही. बाईंना लग्नाच्या इतक्या वर्षांत आपण एकदाही असं हसवलं नाही, हे श्रीधरपंतांच्या मनात यायचं आणि आमटी कडू लागायची. हा उशिरा आला तर शारदाबाई पोळ्या पुन्हा गरम करत. आपण उशिरा आलो तर "झाकून ठेवलंय" एवढंच! गुरुदत्तने नवे बूट घेतले, तर श्रीधरपंतांना त्यांची करकर रस्त्याच्या वळणापासून ऐकू येई. गुरुदत्तने त्यांच्यासाठीही तसेच बूट आणले. ते तर त्यांना अजिबातच सहन झालं नाही. त्यांनी "मला चावतात" म्हणून ते कपाटाखाली लोटले.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मनोहर दातार भेटले. हे बँकेतले अधिकारी, मुंबईहून बदलून आलेले. दुसऱ्याचं दुखरं ठिकाण बरोबर शोधून त्यावर बोट ठेवायचं हा त्यांचा आवडता उद्योग होता.

"काय फणसळकर, तुमचा मेहुणा परवा साहेबाच्या मोटारीतून उतरताना दिसला. तुम्ही अजून ट्रामनेच का?"

"ट्राम सोयीची पडते," श्रीधरपंत म्हणाले.

"असं होय. पण काय हो, या सौद्याबिद्याच्या धंद्याला बी. ए. लागत नाही वाटतं? आमच्या बँकेत तर पट्टेवाल्यालाही मॅट्रिक विचारतात."

"लागायला हवी," श्रीधरपंत इतक्या जोरात म्हणाले की आरतीचं तबक घेऊन जाणाऱ्या बाई थांबल्या. "आज नशिबाने चाललंय सगळ्यांचं. जगात कुठे युद्ध होतंय, कुठल्या देशाने नाणं उतरवलं, हे ज्याला वाचता येत नाही तो सौदा काय करणार? जीभ चालते म्हणून माणूस व्यापारी होत नाही!"

बोलले ते खोटं नव्हतं. कोरियाचं युद्ध लागलं तेव्हा भाव असा चढला आणि पुढे असा कोसळला, की बाजारात भलेभले गोंधळले होते. गुरुदत्तसुद्धा तेव्हा फसला असता. रोज संध्याकाळी श्रीधरपंतांकडून पेपरातली बातमी समजून घ्यायचा म्हणून तो सावरला. "दाजी, हे जरा फोडून सांगा," म्हणायचा आणि जमिनीवर मांडी घालून ऐकायचा. सकाळी तेच आपल्या बोलीत बाजारात सांगायचा आणि शहाणा ठरायचा. श्रीधरपंतांच्या लेखी ही शुद्ध चोरी होती. गुरुदत्त मात्र प्रत्येक गादीवर सांगत असे की आमच्या दाजींनी काल असं सांगितलं. श्रीधरपंत कधी बाजारात गेलेच नव्हते, त्यांना हे कुठून कळणार?

बावन्न साली हार्परसाहेब निवृत्त होऊन स्कॉटलंडला गेला. त्याच्या जागी लंडनहून प्रिंगल आला. तरणा, ऑक्सफर्डचा, पाईप ओढणारा आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारा. तो येतानाच लंडनचा हुकूम घेऊन आला होता. आता देश यांचा आहे, तेव्हा बाजाराच्या खात्यावर एक हिंदी माणूस असिस्टंट म्हणून नेमायचा. काचेची वेगळी केबिन आणि साहेबाच्या बरोबरीचा दर्जा. आजवर कुठल्या काळ्या माणसाला ती खुर्ची मिळाली नव्हती. ऑफिसात सगळ्यांनी मनातल्या मनात गुरूबाबूला तिच्यावर बसवूनही टाकलं. पट्टेवाले त्याला आतापासून उठून सलाम करू लागले.

श्रीधरपंतांचं जेवण सुटलं. त्या खुर्चीवर मेहुणा बसला, तर त्याच्या सहीसाठी पत्रं घेऊन त्याच्यापुढे आपण उभं राहायचं! हा एकच देखावा डोळ्यांपुढून हलेना. ट्राममध्ये तेच, अंघोळीला बसलं की तेच. संध्या करताना मंत्र चुकले.

आणि नेमकं त्याच आठवड्यात प्रिंगलने त्यांना बोलावलं. खुर्ची दिली आणि पाईप झाडत विचारलं, "फणसळकर, तुम्ही इथले जुने आहात आणि पदवीधरही आहात. मला तुमचं प्रामाणिक मत हवंय. सौद्याच्या माणसाला पदवीची गरज असते का? हार्पर म्हणायचे, मुळीच नसते. मला ठरवता येत नाही."

श्रीधरपंतांना वाटलं, सगळा जन्म आपण या एका प्रश्नाची वाट बघत बसलो होतो. ते बोलले आणि सुंदर बोलले. जुने दिवस गेले, म्हणाले, उद्याचा व्यापार सरकारशी आणि परदेशाशी आहे. उद्या साहेबांच्या शेजारी बसून करार वाचावे लागतील, तिथे नुसती ओळखपाळख कामाची नाही. प्रिंगल मान डोलावत होता. इथे थांबले असते तरी चाललं असतं.

"म्हणजे असिस्टंटला पदवी हवी," प्रिंगल म्हणाला. "ते मलाही पटतंच आहे. पण बाजारात हिंडणाऱ्या साध्या माणसाला? उदाहरणार्थ, गुरुदत्त?"

"त्यालाही हवी, सर. सगळ्यांनाच एक नियम हवा." मग क्षणभर थांबून ते म्हणाले, "गुरुदत्त माझा नातेवाईक आहे, म्हणून सांगणं कर्तव्य समजतो. त्याच्या अर्जात इंटरपर्यंत असं आहे. तो इंटर पास नाही. दोनदा नापास झालेला आहे."

प्रिंगलने पाईप खाली ठेवला. "हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

खोलीबाहेर आल्यावर श्रीधरपंतांना फार हलकं वाटलं. त्यांनी स्वतःलाच समजावलं की आपण एकही शब्द खोटा बोललो नाही. हे अगदी खरं होतं, आणि त्यांनी ते त्या दिवशी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

निर्णय लागला. असिस्टंटच्या जागी श्रीधर फणसळकर. यापुढे बाजारात फक्त पदवीधर. गुरुदत्तची बदली बजबजच्या गोदामावर, मालाची आवकजावक बघायला. तिथल्या लोकलच्या वेळा अशा अडनिड्या की त्याला बिऱ्हाडही तिकडेच करावं लागणार. शारदाबाई एका डोळ्याने हसल्या आणि दुसऱ्याने रडल्या. गुरुदत्त मात्र आधी दाजींच्या पाया पडला. "पेढे आणतो," म्हणाला आणि संदेश ही बंगाली मिठाई घेऊन आला, कारण पेढे त्या भागात मिळत नसत. संदेश श्रीधरपंतांना देताना त्याचे डोळे भरले होते. श्रीधरपंतांनी ते आनंदाश्रू आहेत असं ठरवून टाकलं. मेहुणा हरला होता, आणि त्याचा चेहरा हरलेल्या माणसाचा का नाही, या विचाराने त्यांना उलट चीड आली.

दुसऱ्याच दिवशी ते बाजारात निघाले. खिशात नवीकोरी कार्डं, त्यांवर नाव, हुद्दा आणि बी. ए. गुरुदत्त म्हणाला, "दाजी, मी येतो बरोबर. मी हात दिल्याशिवाय—"

"काही गरज नाही," श्रीधरपंत म्हणाले. "कार्ड आहे."

हे हात देण्याचं प्रकरण असं होतं. त्या बाजारात सौदे तोंडी होत, चिठ्ठी मागाहून जाई. त्यामुळे जुना माणूस जागा सोडताना नव्याला घेऊन गादीगादीवर हिंडायचा, त्याचा हात समोरच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, आजपासून याची जबान ती माझी जबान. ते झालं की नव्याशी लाखालाखाचा सौदा नुसत्या मान हलवण्यावर होई. ते झालं नसेल तर त्याला नुसता चहा मिळे.

श्रीधरपंतांना चहा मिळाला. उत्तम चहा मिळाला, वर मिठाई मिळाली. शेटजींनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं, "बी. ए.! बहुत अच्छा," म्हटलं आणि अदबीने गल्ल्याखाली सरकवलं. भाव मात्र कुणी सांगेना. आज मालक नाहीत, आज तार आली नाही, उद्या बघू. आठवडाभर ते रिकाम्या हातांनी परत आले, आणि काचेच्या केबिनमध्ये बसल्यावर सगळं ऑफिस काचेतून आपल्याकडेच बघतंय असं त्यांना वाटू लागलं. आता प्रिंगल विचारणार, ही धास्ती बसली. पण गुरुदत्तला विचारायचं? त्यापेक्षा त्यांनी पुन्हा पत्रं लिहिली असती.

विचारावं लागलंच नाही. बजबजला जायच्या आदल्या सकाळी गुरुदत्त कपडे करून त्यांच्या पुढ्यात उभा राहिला. "चला," म्हणाला. त्याने त्यांना मनगटाला धरून सगळा बाजार हिंडवला. प्रत्येक गादीवर त्यांचा हात समोरच्याच्या हातात दिला आणि त्याच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "ये हमारे दाजी. वो लडाई के टाइम जो हम भाव बोलता था, वो सब इनका दिमाग था. हम तो खाली इनका पोपट. आज से इनका जबान मेरा जबान." शेटजी उठून उभे राहिले. सरकारबाबूने पान बाजूला ठेवून नमस्कार केला. त्या दिवशी दुपारपर्यंत श्रीधरपंतांचे तीन सौदे झाले.

आपलं डोकं हा इतकी वर्षं आपल्याच नावावर बाजारात जमा करत होता, हे त्यांना तेव्हा कळलं. कुणालाही वाटेल, इथे तरी त्यांचं मन निवळलं असेल. नाही निवळलं. हातात हात देताना मेहुण्याच्या चेहऱ्यावर जो मोठेपणा होता, तोच त्यांना झोंबला. हा मानही याच्याच पदरचा! खुर्ची मिळवली आपण, आणि ती टिकवून दिली याने. हा नापास झालेला माणूस आपल्याला एका बाबतीतही पुढे जाऊ देत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

गुरुदत्त गेला. घर शांत झालं. श्रीधरपंतांना ही शांतता हवी होती, आणि आता तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना. सुहासिनी जेवताना मान खाली घालून बसायची. त्यांनी एकदा सरकारबाबूच्या पानाची गोष्ट सांगून पाहिली. शारदाबाई "हं" म्हणाल्या.

महिनाअखेरीला प्रिंगलने त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या आनंदात ते रविवारी दुपारी पानावर बसले असताना शारदाबाईंना म्हणाले, "साहेब खूश आहे. म्हणाला, निवड अगदी योग्य झाली."

"होणारच," शारदाबाई भात वाढत म्हणाल्या. "गुरूने सांगितलंच होतं त्याला."

"काय सांगितलं होतं? कुणाला?"

"आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. त्याने मला शपथ घातली होती, दाजींना बोलू नकोस, त्यांना कमीपणा वाटेल." त्या भांडं खाली ठेवून बसल्या. "साहेबाने ती खुर्ची आधी गुरूलाच देऊ केली होती. तुम्हाला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी. गुरू म्हणाला, मला नको, दाजींना द्या. मी बोलून काम नेतो, पण कागद समोर आला की माझी मान खाली जाते. तिथे शिकलेलाच माणूस हवा, आणि दाजींसारखा शिकलेला तुम्हाला मिळायचा नाही. साहेबाने तिथेच कबूल केलं. म्हणाला, दाजींना विचारून बघतो, त्यांची समज कशी आहे ते. पण नेमायचं त्यांनाच, आणि तू बाजारात आहेस तिथे राहा, दोघं मिळून चालवा."

श्रीधरपंतांचा हात पानात तसाच राहिला.

"किती खूश होता हो त्या रात्री पोरगा," शारदाबाई म्हणाल्या. "आता दाजी आणि मी बरोबर एका गाडीतून जाणार, म्हणत होता. आणि मग मध्येच काय झालं कुणास ठाऊक. साहेबाने त्याला बोलावून विचारलं, तू इंटर नापास आहेस का? ही गोष्ट इथे कुणाला माहीत होती? कुणीतरी साहेबाच्या कानाला लागलं असणार." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही ऑफिसात असता. कोण असेल हो?"

"असेल कुणीतरी," श्रीधरपंत म्हणाले. "ज्याला त्याचं चांगलं बघवलं नाही असा."

"त्याचं वाटोळं होईल, बघा तुम्ही," शारदाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याच्या पानात आणखी भात वाढला.